उभ्या यंत्राचा गंज

हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, सोयाबीनच्या दिवसांत महिनाभर पळतो, मग तुरीला आणि हरभऱ्याला थोडे दिवस, आणि उरलेलं सगळं वर्ष उभा असतो. नांदेड-लातूर रस्त्याला अहमदपूरच्या बाजूला माझं यंत्रदुरुस्तीचं दुकान आहे. तिथे जे जाम नट-बोल्ट माझ्या हातून निघाले, त्यांतले बहुतेक या उभं राहण्याच्या काळात जाम झालेले होते. चालत्या यंत्राचा बोल्ट झिजतो, ढिला होतो, क्वचित तुटतो. पण तो असा लोखंडाला लोखंड चिकटल्यासारखा धरून बसत नाही. चालतं यंत्र हादरतं, गरम होतं, त्याच्या अंगावर थोडंफार तेल असतं, आणि चालवणारा माणूस दिवसातून दोनदा तरी त्याच्याभोवती पाना घेऊन फिरतो. उभ्या यंत्राकडे कोणी बघत नाही.

ते उभं कुठे असतं हेही बघा. धुऱ्यावरच्या बाभळीखाली, नाहीतर गोठ्याच्या कडेला, वर फाटकी ताडपत्री. ताडपत्री टाकली म्हणजे यंत्र झाकलं असं आपण धरून चालतो. खरं तर तिच्याखाली ओल कोंडते. मळणी झाल्यावर आतला भुसा कोणी झाडत नाही. चाळणीच्या कडांना, बेअरिंग धरणाऱ्या प्लमर ब्लॉकच्या पायाशी, बोल्टच्या डोक्याभोवती तो भुसा ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो. गंज म्हणजे लोखंडाला पाणी आणि हवा मिळून तयार झालेला पदार्थ, आणि तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. बोल्टच्या आणि नटच्या आट्यांमध्ये मुळातच केसाएवढी फट. तिथे गंज धरला की तो फुगून ती फट भरतो आणि दोन्ही बाजूंनी दाबत राहतो. लोक म्हणतात, नट आवळला गेलाय. पान्याने कोणी आवळलेला नसतो तो, आतूनच आवळला जातो.

याहून वाईट अवस्था ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राची. त्याला खताची पेटी असते. आमच्याकडे सोयाबीनला १०:२६:२६ बरंच वापरतात. त्यातलं पोटॅश बहुधा म्युरेट, म्हणजे त्यात क्लोराइड असतं, आणि क्लोराइड लोखंडाला मिठासारखंच खातं. शिवाय खताला हवेतली ओल ओढून घ्यायची सवय. मृगात पेरणी आटोपली, पेटीच्या तळाला दोन मुठी खत राहिलं, आणि यंत्र तसंच शेडमध्ये गेलं, की पुढच्या जूनमध्ये फणांचे आणि नळ्यांच्या क्लॅम्पचे बोल्ट ओळखू येत नाहीत. डोक्याचे सहा कोपरे नाहीसे होऊन तिथे पापुद्र्यांचा एक गोळा असतो. पेटी धुऊन वाळवायला अर्धा तास लागतो. ते अर्ध्या तासाचं काम पेरणीच्या धांदलीत राहून जातं, त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. पेरणी उरकल्यावर माणूस थकलेला असतो, आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पण मला ते बोल्ट दिसतात, आणि वाईट वाटतं.

उभं राहण्याचा हा परिणाम मला सगळ्यांत स्पष्ट दिसला तो दुष्काळात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. त्याआधीचे लागोपाठ दोन हंगाम गेले होते. मळायला पीकच नव्हतं, म्हणून हडंबे जागचे हलले नव्हते. फवारणीचे पंप, इंजिनं, रोटाव्हेटर, सगळं होतं तिथेच. पुढे त्या वर्षी पाऊस बरा झाला, सोयाबीन आलं, आणि मग दुकानापुढे जी यंत्रं आली, त्यांचा एक बोल्ट धड सुटत नव्हता. दुष्काळात गंज कसा लागेल, असं वाटतं. पण दुष्काळ म्हणजे अजिबात पाऊस नाही असं नसतं. चार सरी येतात, दव पडतं, हिवाळ्याच्या पहाटे लोखंडाला घाम फुटतो. गंजाला एवढं पुरतं. त्याला लागतो तो वेळ, आणि त्या दोन वर्षांनी त्याला वेळच वेळ दिला.

उलट अनुभव पुराचा. २०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचा उरलासुरला पाऊस मराठवाड्यावर कोसळला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, मांजरा-तेरणेच्या काठची शेतं पाण्याखाली गेली. काठावरच्या मोटारी, मोनोब्लॉक पंप, इंजिनं चिखलात बुडाली. पाणी ओसरल्यावर ज्यांनी लगेच उचलून आणली, त्यांची यंत्रं काळ्या मातीने लिंपलेली होती, पण बोल्ट साध्या पान्याने सुटले. आत पाणी शिरलेलं होतं, बेअरिंग गेली होती, तरी उघडताना त्रास नाही. ज्यांनी विचार केला की आता पाणी मुबलक आहे, रब्बीला बघू, त्यांची यंत्रं दिवाळीनंतर आली. तोच पूर, तीच माती, आणि त्या यंत्रांना गॅस लावावा लागला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यापासून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हा विचारतो की, यंत्र शेवटचं कधी चाललं होतं? किती जुनं आहे हे मी नंतर विचारतो.

अडचण अशी की जाम बोल्ट कळतो तो नेमका घाईच्या दिवशी. सोयाबीन कापून बनीम (ढीग) लावलेली असते, आभाळ भरून आलेलं असतं, मजूर सांगून ठेवलेले असतात. हडंबा ओढून बाहेर काढला तर ड्रमच्या शाफ्टचं बेअरिंग आवाज करतं. बेअरिंग बदलायचं म्हणजे प्लमर ब्लॉक सोडायचा, आणि त्याचे बोल्ट हलत नाहीत. अशा वेळी माणूस दुकानात येतो तो निम्मा रडकुंडीला आलेला असतो.

“मिस्त्री, हाणा की घण. मोडला तर मोडला.”

“मामा, मोडला तर अजून एक दिवस जाईल.”

“उद्या मळणी हाय. वरून पाऊस यायलाय.”

त्यांचं म्हणणं खोटं नसतं. भिजलेल्या सोयाबीनला बुरशी लागते, शेंगेत कोंब येतात, दाणा काळा पडतो. हमीभावाच्या खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ साली सरकारने तो १५ पर्यंत चालवून घेतला, इतकी त्या वर्षी ओल होती. लातूरच्या आडतीत तर मुठीत दाणे घेऊनच माल जोखतात. एका दिवसाच्या उशिराची किंमत त्या माणसाला पोत्यांत मोजावी लागते, आणि ती किंमत माझ्या डोक्यात असते म्हणूनच मी घण उचलत नाही.

मी आधी बसतो आणि बघतो. बोल्ट आरपार आहे आणि पलीकडे नट आहे, की बिडाच्या भोकात आटे पाडून बसवलाय? आरपार असेल तर चिंता अर्धी. नट कापून काढता येतो, दहा-वीस रुपयांचा नट वाचवण्यासाठी ब्लॉकचा कान तोडण्यात अर्थ नाही. बिडात बसलेला असेल तर मात्र तो अखंड बाहेर आला पाहिजे, कारण मोडला तर अर्धा आत राहतो.

मग तारेचा ब्रश. बोल्टचे जे आटे नटच्या बाहेर उघडे असतात, ते आधी चकचकीत करायचे. हे काम बहुतेक जण टाळतात. नट सुटला तरी त्याला याच आट्यांवरून बाहेर यायचं असतं, आणि तिथे गंज-माती असेल तर चार फेऱ्यांनंतर तो पुन्हा धरतो. मग लोक म्हणतात, सुटत होता की, मधेच कशाने अडला? ब्रश झाला की तेल. पूर्वी रॉकेल आणि इंजिन ऑइल मिसळून वापरायचो. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून डिझेल, नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे. जाडं तेल तिथे उपयोगाचं नाही, पातळ पाहिजे, ते फटीतून स्वतः आत ओढलं जातं. तेल सोडलं की बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, मध्यम ठोके द्यायचे, मागून दुसरी जड हातोडी लावून. ठोका बोल्ट फिरवायला नसतो. त्याने आतल्या गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. ठोके, तेल, थोडं थांबणं, पुन्हा ठोके. संध्याकाळी आलेलं यंत्र असेल तर रात्रभर राहू देतो. रात्रीत तेल जे काम करतं ते दिवसा चार माणसांच्या जोराने होत नाही.

पाना कोणता, यावर मी दुकानातल्या पोरांशी फार बोलतो. फिक्स पाना जाम बोल्टला लावायचाच नाही. तो दोनच बाजू धरतो आणि तोंडाशी फाकतो. रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट), आणि गोटीतही सहा कोनांची. १० मिमीच्या बोल्टचं डोकं जुन्या मापात १७ चं आणि नव्या मापात १६ चं येतं. १६ च्या डोक्यावर १७ चा पाना चढतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की कोपरे गोल होऊन जातात. त्यात आमच्या भागातल्या यंत्रांत सुती माप आणि मिलिमीटर एकत्र नांदतात. चार सुताचा बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा, इंचाला १२ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली ठरवलेलं हे माप अजून आमच्या हार्डवेअरच्या दुकानात सुताच्या नावाने विकलं जातं. १२ मिमीच्या बोल्टला आटे पावणेदोन मिमीच्या अंतराने, कोन ६० अंश. लांबून दोन्ही सारखेच. कोणीतरी शेतात हाताला लागला तो नट दुसऱ्या जातीच्या बोल्टवर चढवतो, दोन फेऱ्या जातो, मग पान्याने दाबून बसवतो. हा बोल्ट गंज नसतानाही जाम होतो, आणि त्यावर कितीही तेल ओतलं तरी फरक पडत नाही. म्हणून उघडे आटे साफ केल्यावर मी त्यावर आट्यांचं गेज टेकवून बघतो.

पहिला जोर मी सोडायच्या दिशेने लावत नाही. आधी किंचित आवळतो. आवळताना जर बारीकसा ‘कट्’ आवाज आला तर गंजाची पकड सुटली. मग उलट फिरवायचं, पाव फेरा, पुन्हा थोडं मागे, तेल, पुन्हा पाव फेरा. इथे सगळं कसब हाताच्या जाणिवेत आहे. बोल्ट सुटत असेल तर पाना झटक्याने सरकतो आणि थांबतो, कडक. बोल्ट पिळला जात असेल तर पाना मऊपणाने, एकसारखा, विनाआवाज वळतो, आणि हाताला वाटतं की चला, आला. तो मऊपणा जाणवला की तिथल्या तिथे थांबायचं. पान्याला पाइप लावला की ही जाणीव मरते, म्हणून पाइपाला माझा विरोध. हिशेब करून बघा. ८ मिमीच्या चांगल्या, ८.८ ग्रेडच्या बोल्टला आवळायला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. फूटभर पान्याला २५ किलोचा जोर लावला की ७० च्या पुढे गेलं. त्यावर तीन फुटांचा पाइप घातला तर बोल्टची काय गत होईल हे सांगायला नको.

लातूरच्या शासकीय आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेड केला. तिथे सुरुवातीला दिवसच्या दिवस लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा असतो. त्या वयात ते फुकटचं काम वाटतं. आज वाटतं की हातात किती जोर आहे हे हाताला कळायला तिथेच सुरुवात झाली.

तेलाने ऐकलं नाही तर आग. पण आगीआधी जागा बदलायची. हडंब्याच्या पोटात भुसा भरलेला असतो, शेजारी बनीम, खाली डिझेलचे थेंब. यंत्र ओढून मोकळ्यावर आणायचं, भुसा झाडायचा, पाण्याची बादली आणि ओलं पोतं जवळ ठेवायचं, मगच गॅस पेटवायचा. पेट्रोलवर चालणारं यंत्र असेल तर टाकी काढून लांब ठेवायची. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो. ज्योत लावायची ती नटला, बोल्टला नाही. नट फुगला पाहिजे. १२ मिमीच्या नटला तीनशे अंश तापवलं तर त्याचं भोक किती वाढतं? मिलिमीटरचे पंचवीस भाग केले तर त्यातला एक भाग. एवढ्याने काय होणार असं वाटतं, पण फट मुळातच तेवढी असते. तापल्यावर मी मेणबत्ती आट्यांना टेकवतो, मेण वितळून आत शिरतं. मग पाना. बेअरिंग जवळ असेल तर त्यावर ओलं फडकं. आणि असा तापवलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, त्याचं पाणी उतरलेलं असतं.

नांदेडकडे, अर्धापूर-मुदखेडच्या पट्ट्यात, फाल्गुन-चैत्रात हळद शिजवायच्या ड्रमवर कामाला जातो तेव्हा तापण्याची दुसरी बाजू दिसते. तिथे बोल्ट वाफेने रोज तापतात, रात्री थंड होतात, झाकणाच्या कडेला वाफेचं पाणी बसतं. रोज उघडतात तोवर ठीक चालतं. हंगाम संपला, झाकण शेवटचं आवळून ड्रम कोपऱ्यात गेला, की पुढच्या वर्षी ते झाकण म्हणजे भिंत. मी तिथल्या लोकांना सांगतो की शेवटच्या दिवशी झाकण ढिलं करूनच ठेवा, बोल्ट काढून तेलाच्या डब्यात टाका. काही जण आता तसं करतात.

अलीकडे ब्रश कटर फार आलेत. त्यांत एक वेगळाच घोळ असतो. पातं धरणारा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्याचा असतो, पातं फिरताना तो आपोआप सुटू नये म्हणून. आंब्याच्या बागेतला एक मुलगा असा कटर घेऊन आला होता. नट गंजलाय म्हणून दोघांनी मिळून जोर लावलेला. गंज नावालाच होता, ते दोघे तो आवळत होते. गिअरच्या डोक्याचं ॲल्युमिनियमचं घर तडकायच्या बेतात आलं होतं. अडकवायच्या भोकात पिन घालून पाना घड्याळाच्या दिशेने फिरवला आणि नट निघाला. त्या मुलाचा चेहरा पडला. मी त्याला म्हटलं, बाळा, हे यंत्रावर ठळक लिहिलेलं असायला पाहिजे होतं, तुझी चूक नाही. या छोट्या इंजिनांत पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या घरात बसलेला असतो. तिथे लाल गंज दिसत नाही, पांढरी भुकटी दिसते, आणि ती तितकीच घट्ट धरते. ॲल्युमिनियम मात्र तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून तिथे घरालाच हलकी ऊब द्यायची, उघडी ज्योत नको.

एवढं करूनही काही बोल्ट मोडतात. मोडलेल्या बोल्टचा खुंट थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरतो. वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टमध्ये उतरते आणि गंज सुटतो, आणि पाना लावायला नवं डोकं मिळतं. बिडाला ते वेल्डिंग नीट धरत नाही, हेच आपल्या फायद्याचं. खुंट आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल. इथे तुटका खुंट फिरवून काढायचं ‘इझी-आउट’ वापरायला मी कचरतो. ते अतिशय कडक पोलादाचं असतं, आत मोडलं तर साधं ड्रिल त्याला लागत नाही. १२ मिमीच्या बोल्टला १०.२ चं ड्रिल अगदी मध्यातून गेलं तर भोकाच्या कडेला फक्त जुन्या आट्यांची लोखंडी दोरी उरते. ती टोकदार सळईने उचलून काढायची आणि टॅप फिरवून आटे साफ करायचे. तो टॅप नुसत्या बोटांच्या जोराने आत उतरू लागतो तेव्हा मला जो आनंद होतो, तो इतक्या वर्षांत कमी झालेला नाही.

या दुरुस्तीला मी जितका वेळ देतो, जवळपास तितकाच वेळ परत जोडायला देतो, आणि त्यावरून गिऱ्हाइकाशी वाद होतात. नवे बोल्ट, योग्य ग्रेडचे, सगळे एका मापाचे. आट्यांना ग्राफाइट मिसळलेलं ग्रीस. पेरणी यंत्राच्या बोल्टांना तर भरपूर. ग्रीस लावलं की बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, म्हणून आवळताना हात आखडता. जुने चाललेच असते की, असं मालक म्हणतात, बिलावरचे बोल्टचे पैसे बोटाने दाखवतात. मी जुने बोल्ट त्यांच्या हातात देतो आणि मधे बारीक झालेली कंबर दाखवतो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुतात. आता प्रेशरचा पंप आलाय, त्याने हडंबा, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर लख्ख करतात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. मलाही ती पूजा मनापासून आवडते, माझ्या दुकानात पाने-हातोड्या मांडून मीही करतो. पण प्रेशरचं पाणी आट्यांत आणि बेअरिंगच्या सीलमध्ये घुसतं. म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की धुतल्यावर यंत्र पाच-दहा मिनिटं रिकामं चालवा, पाणी उडून जाऊ द्या, आणि माळ घालण्याआधी प्रत्येक बोल्टवर तेलाचा ब्रश फिरवा. काहींना ते पूजेतलंच एक काम वाटतं, आणि तसं वाटलं तर चांगलंच आहे.

गेल्या काही हंगामांपासून आणखी एक करतो. दुरुस्त झालेल्या यंत्रावर, प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टच्या शेजारी, पिवळ्या ऑइल पेंटने पान्याचं माप लिहितो. १९, २४, ‘४ सूत’, आणि जिथे असेल तिथे ‘उलटा आटा’ आणि बाण. चाकूरकडच्या एका मालकांनी यंत्राचा रंग खराब केला म्हणून तक्रार केली होती. त्यांचा हडंबा यंदा वैशाखातच, मळणीला चार-पाच महिने अवकाश असताना, दुकानात आलाय. ड्रमचा प्लमर ब्लॉक, चाळणीचे कान, पंख्याची पुली, एवढं सोडून बघायचं आहे, आणि मागच्या बाजूचं पुसट झालेलं २४ पुन्हा रंगवायचं आहे.